फुटीचा हिशेब

शिवडीच्या बॉण्डेड गोदामात माझं काम सोपं आहे:
बाटलीच्या पाठीला मराठी चिकटवायची.
पुढे फ्रेंच, सोनेरी वळणाची, एक देऊळवजा घर, द्राक्षांच्या रांगा.
मागे माझा कागद: आयातदार, कमाल किंमत,
मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.
अंगठा वरून खाली. बुडबुडा राहता कामा नये.
तासाला एकशे ऐंशी बाटल्या.

आंत्र-द्यो-मेर.
कॉन्ट्रॅक्टर साहेबांनी शिकवलं म्हणायला,
"र घशातून काढा बाई, गुळणी केल्यासारखा."
म्हणजे काय, तर दोन समुद्रांच्या मधे.
मी नकाशा बघितला. समुद्र लांबच.
जवळ फक्त दोन नद्या, गारोन आणि दोर्दोन्य,
त्यांच्या अंगात भरती पार आतवर चढते
म्हणून तिथल्यांनी त्यांना समुद्र करून टाकलं.
मला हसू आलं.
आमच्या मिठीला आम्ही नाला करून टाकलं,
आणि होता तो समुद्र बुजवून
त्यावर ऑफिसं बांधली.

मंगळवारी एक पेटी तळातून सुटली.
अकरा वाचल्या.
बारावी जमिनीवर, फिकट, गवताच्या रंगाची,
सिमेंटच्या भेगेतून नीट वाट काढत चालली.

ब्रिजिट घोन्साल्विस गुडघ्यावर बसली.
उत्तनची ती. घरी नाताळला मनुकांची वाइन घालतात,
नाक आईकडून आलेलं.
बोट लावलं नाही, ड्यूटीवर होती. नुसता वास घेतला.
"दोघं आहेत गं ह्यात.
एक कजाग. पपनसाची साल, आत्ता कापलेलं गवत.
दुसरा गप्प. विझवलेली मेणबत्ती, भिजवून सोललेले बदाम.
त्या कजागीला धरून ठेवलंय त्याने."
मग थोडं थांबून,
"आणि तिसरी कुणीतरी. चिमूटभर.
फुलं माळून दारातच उभी."

साहेबांच्या कागदावर तसंच होतं:
सोविन्यों, सेमियों, आणि शेवटी अगदी थोडं मुस्कादेल.
वेगवेगळे वेचतात, वेगवेगळे आंबवतात,
मग एका दिवशी कुणीतरी चाखून ठरवतं
की आता एकत्र.

मी विचारलं, परत वेगळे करता येतात?
"वेडी का काय," ब्रिजिट म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

वकील म्हणतात, येतात.
वांद्र्याला पुढची तारीख एकोणीसची. परस्परसंमती.
त्यांनी यादी मागितली आहे, दोन रकाने.
कुकर माझा. फ्रीज त्याचा, हप्ते माझे.
इथवर जमलं.
पण उजव्या कुशीवर झोपणं,
आमटीत चिंचेऐवजी कोकम,
कुणी खोटं बोललं की आधी चष्मा पुसणं,
हे कुठल्या रकान्यात?
सव्वीस वर्षांपूर्वी यातलं माझं काय होतं
मला आठवत नाही.
कजाग मी होते, एवढं नक्की.

अबकारीचे इन्स्पेक्टर आले, काचा मोजायला.
बाटलीची मान लागते त्यांना, सीलसकट,
नाहीतर फूट मंजूर होत नाही.
मान सापडली. पिशवीत घातली. पंचनामा झाला.
रजिस्टरात: फूट एक.
कारण?
मी लिहिलं, हाताळणी.
त्यांनी मान हलवली, सगळेच तेच लिहितात.

फिनाइल टाकून जमीन धुतली.
पाणी मोरीतून खाडीकडे गेलं,
तिथे ओहोटी होती की भरती, बघितलं नाही.
ब्रिजिट पदराला हात पुसत म्हणाली,
"नुसती पिऊ नये ही. कालवं हवीत सोबत.
एकदा घरी ये, दाखवते."

अंगठ्याला डिंक होता. अजून सहाशे बाटल्या होत्या.
मी म्हटलं, एकोणीसनंतर येते.
मग म्हटलं, नाही,
आधीच येते.